पात्याची खालची बाजू

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
इकडे सगळं ठीक, गवत सोडून. हे गेल्यावर तू गवतकापणीचं मशीन उघडून साफ करून गेलास, तेव्हापासून ते गवत कापत नाही, नुसतं कुरवाळतं. चिरंजीव म्हणतात, मशीन भंगारात द्या, अंगणभर फरशा घालू. फरशीवाला रविवारी माप घ्यायला येतोय. ह्यांनी चौदा वर्षं जीव लावलेली हिरवळ मी झाकू देणार नाही. शनिवारपर्यंत कापून दाखवलं तर फरशा रद्द, असं कबूल करून घेतलंय. धार मीच लावणार. तू येतो म्हणू नकोस, कशी लावायची तेवढं लिही. एवढी वर्षं फिटर होतास, चार ओळी खरडायला काय जातं?
माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.
तुझी,
ठमी

७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
तुझी वहिनी म्हणते, सुरुवातीला आणि शेवटी बोटं मोजायला सांगा. चेष्टा पुरे. आधी इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढ. मशीन बंद आहे म्हणून विसंबायचं नाही, पातं हातानं फिरलं तरी इंजिन उचकी देतं. एअर फिल्टर वर राहील असं मशीन कलतं कर. जाड हातमोजे घाल, डोळ्यांना कामाचा चष्मा लाव, वाचायचा नव्हे. पातं फिरू नये म्हणून लाकडी ठोकळा अडकव आणि मगच बोल्ट सोडव. त्याआधी जमिनीकडच्या बाजूला खूण कर. पातं व्हाइसच्या जबड्यात आवळून कानस एकाच दिशेनं, मूळच्या उतारानं चालव. दाढी करायची नाही, लोण्याच्या सुरीइतकी धार पुरे. शेवटी मधल्या भोकातून खिळ्यावर टांग, जी बाजू झुकेल ती आणखी घास.
नाहीच जमलं तर फरशाही वाईट नसतात.
तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
बोटं दहा, दोनदा मोजली. बोल्ट हलेना, तेव्हा पान्याला नळाचा पाईप लावून त्याचा माज उतरवला. खूण तू सांगितलीस तशीच, नेलपॉलिशनं केली. पातं काढून उलटलं, तर पलीकडे ह्यांच्या अक्षरात पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: ‘ही बाजू जमिनीकडे’. ती होती आभाळाकडे! शेवटचं पातं कुणी बसवलं होतं, हे वहिनीला तू सांगतोस की मी सांगू?
मी नेलपॉलिश पुसलं आणि ह्यांचं ऐकलं. धार मात्र लावलीच, अक्षरांना कानस लागू न देता. शनिवारी सगळं अंगण कापलं. चिरंजीवांनी वाकून गवत पाहिलं आणि फरशीवाल्याला नको म्हणून फोन केला.
राग नाही, लोभही तसूभर कमी नाही.
तुझी,
ठमी

१६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
डोळे भरून आले होते म्हणून खूण दिसली नाही, असं लिहिणार होतो. वहिनीनं शेजारी बसून खोडायला लावलं. चष्मा घरी विसरलो होतो आणि तुझ्यासमोर ते बोलायची लाज वाटली. माझ्या लाजेपायी तुझ्या अंगणात फरशा पडल्या असत्या.
आमच्याही मशीनचं पातं बोथट झालंय. येशील तेव्हा कानस घेऊन ये. वायर मी काढून ठेवतो.
तुझा,
दादा