सांजदैनिकाचे नाव कोणाला

मी, खाली सही करणारी, गावातल्या बंद पडलेल्या सांजदैनिकाची मालक व संपादक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तरीही कोणाला शंका असेल, तर त्याने माझ्याशी घटकाभर वाद घालून पाहावा.

१. वरच्या मजल्यावरचे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी. त्याबद्दल माझी कुरकुर नाही.

२. तळमजल्यावरचे छपाईयंत्र आमच्या मशीनमनला द्यावे. तो ते भंगारात घालील. घालू दे. त्याच खडखडाटात त्याचा एक कान गेला.

३. कोपऱ्यावरच्या कापडदुकानदाराला काही नाही. जाहिरात मोबाइलवर नेणारा पहिला तोच, आणि अंक बंद झाल्यावर "अरेरे, सवय होती हो!" म्हणत हळहळायला आलेला पहिलाही तोच.

४. आता सांजदैनिकाचे नाव. मुलगा परगावी मोबाइलवर बातम्यांची सेवा चालवतो. तिच्यासाठी त्याला हे नाव हवे आहे. लोकांचा नावावर विश्वास आहे, म्हणतो. असणारच. घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय आम्ही कोणाच्या मरणाची बातमी छापली नाही. त्यापायी कितीदा अंक रखडला, पण आमच्या ह्यांनी ऐकले नाही.

तेच हे एका सकाळी बाजारात कोसळले. कोणाच्या तरी व्हिडिओवरून मुलाच्या कचेरीने 'निधन' म्हणून बातमी टाकून दिली. वडील गेले हे त्यालाही तिथेच कळले. मी ती स्वयंपाकघरात वाचली आणि खाली बसले. फोन वाजत राहिला. सांत्वनाचा असेल, म्हणून उचलला नाही. तो दवाखान्याचा होता. बातमी आली म्हणजे कोणीतरी खात्री केलेली असणार, हे माझ्या हाडीमासी भिनलेले. आता घाई कशाची, असे वाटले.

हे दुपारपर्यंत जिवंत होते. "ही अजून कशी आली नाही?" असे नर्सला विचारत होते. मी पोचले तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

मुलगा रडत म्हणाला, "आई, सगळ्यांनीच टाकली होती गं. थांबलो असतो तर मागे पडलो असतो." दुरुस्ती आली नाही. संध्याकाळपर्यंत बातमी खरीच झाली होती.

म्हणून नाव त्याला देत नाही. ते माझ्याबरोबर संपावे. रागाने लिहीत नाही, फार वाईट वाटून लिहिते आहे.

५. माझ्या मरणाची बातमी मुलाने आपल्या सेवेवर खुशाल टाकावी. पण बाळा, कोणी कळवले म्हणून टाकू नकोस. मिळेल त्या गाडीने ये. माझा हात हातात घेऊन बघ. गार लागला, तरी लगेच उठू नकोस.

सही: स्वतःच्या हाताने, चष्मा लावून.

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली: शेजारच्या शिवणकामवाल्या बाई, घरचे डॉक्टर.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.

दिनांक: आजचा. अंक निघत असता, तर वर छापला असता तोच.