गोल झाल्यानंतरचा नमस्कार

॥ श्री ॥

कोन, ता. भिवंडी
१८ ऑगस्ट २०२४

चि. हरेश यास,
अ. उ. आ.

तुझ्या नव्या मुक्कामाचा पत्ता ऋतिकाने फोनवर शोधून दिला. आयजॉल नीट लिहिता यावं म्हणून आधी कच्च्या कागदावर गिरवलं. मडगाव, कोलकाता, कोझिकोड, काठमांडू, इंफाळ आणि आता हे. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट नकाशावर छडी ठेवून गावं विचारायच्या, तेव्हा मला एकही सापडत नसे. आज सगळी तोंडपाठ आहेत, कारण प्रत्येक ठिकाणी तुझं पोट तरी बिघडलं होतं नाहीतर तू स्वेटर तरी विसरला होतास.

फोनवर तू हां आत्या, बरं आत्या, ठेवतो आत्या, एवढंच बोलतोस. म्हणून हा पत्राचा हट्ट. उत्तर चांगलं दोन पानी हवं.

इकडे सारे बरे आहेत. खाडीकडच्या अंगाला आणखी एक गोदाम उभं राहिलं. लडकूदादाने आपली जागा भाड्याने दिली आणि आता दिवसभर तिथेच गेटाबाहेर खुर्ची टाकून बसतो. म्हणतो, जमीन आपलीच हाय, फकस्त तिच्यावर पाय ठेवाया गेटपास लागतो.

मुख्य बातमी पुढे आहे. ऋतिकाच्या शाळेत मुलींची फुटबॉलची टीम झाली. ही तुझी लेक हे कळल्यावर सरांनी लगेच गोल मारणाऱ्याचा, तुझाच नऊ नंबरचा शर्ट पुढे केला. हिने तो परत दिला आणि गोलकीपर होणार म्हणाली. मी भाकरी थापत होते, ही समोर जवळा-भाकरी खात बसली होती. विचारलं, का गं? मान वर न करता म्हणाली, पुढे खेळणाऱ्याला सारखं कुठे ना कुठे जावं लागतं, आजी. गोलकीपर घर सोडून जात नाही. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा मी भानावर आले.

तुझी दिपिका वारली तेव्हा ही पोर चार वर्षांची होती. पोरीला माझ्या मांडीवर ठेवून तू म्हणाला होतास की चालू सीझन संपला की येतो. ती आता तेरा वर्षांची आहे, हरेश. मी हिशोब मागत नाही. तुला आठवण असावी एवढंच.

आणि एक विचारायचं आहे. परवा तुझी मॅच आम्ही फोनवर पाहिली. तू गोल मारलास, आम्ही दोघी इतक्या ओरडलो की शेजारची स्नेहा लाटणं घेऊन धावत आली. बघतो तर तू देवळाच्या पायरीवर उभा असल्यासारखा हात जोडून! लहानपणी शाळेमागच्या मैदानात गोल मारलास की हळदीत बेंजो वाजावा तसा नाचायचास. समोरच्या टीमची पोरंसुद्धा हरणं विसरून नाचायची. आता काय झालं? गुडघा दुखतो का? खरं लिही.

तिकडे थंडी फार म्हणतात. आमच्यावरचा लोभ तेवढा गोठू देऊ नकोस.

तुझी आत्या,
देवकी


आयजॉल
५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसातल्या माणसाने सगळ्यांसमोर आणून दिलं. टीमला वाटलं कोर्टाची नोटीस आली. आत्याचं पत्र आहे म्हटल्यावर जाम हसले, आणि मग एकेकाने हातात घेऊन बघितलं. त्यातल्या बऱ्याच जणांना आजवर कुणाचं पत्रच आलेलं नाही.

गुडघा दुखतो, पण हात जोडायचं कारण ते नाही. आमच्यात एक रीत आहे. ज्या टीमकडून आपण आधी खेळलो, तिच्यावर गोल मारला तर नाचायचं नाही. हात जोडायचे. त्या लोकांनी कधीकाळी आपल्या नावाने घसा फोडलेला असतो, त्यांच्या गावचं अन्न आपण खाल्लेलं असतं. हात जोडले म्हणजे, तुम्हाला सोडून गेलो खरा, पण विसरलो नाही, असं सांगणं.

माझं आता असं झालंय की समोर बघावं तर जुनीच टीम. पोरं चिडवतात, हरेशभाई, आपके नाचने के लिए कोई बचा ही नहीं. गेल्या सीझनला तर एका अशा टीमवर गोल मारला जिच्याकडून मी कधीच खेळलो नव्हतो, तरी हात आपोआप जुळले. त्यांचा गोलकीपर माझ्याकडे बघतच राहिला. आम्ही आधी कुठे भेटलोय, हे बिचारा आठवत असणार.

ऋतिकाला सांग, गोलकीपर हे सगळ्यात वाईट काम. पूर्ण वेळ उभं राहायचं आणि एक चूक झाली की अख्खं गाव आईबापाचा उद्धार करतं. पण तिचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिला वेगळं पत्र लिहायला घेतलं, तर प्रिय ऋतिकाच्या पुढे पेन सरकेना. हेच वाचून दाखव. तिच्यासाठी हातमोजे पाठवतोय, एक नंबर आहेत. दिवाळीला येतो, नक्की. वालाचं बिरडं आणि कोलंबी तयार ठेव.

गुडघ्यावर फार भार टाकू नको म्हणतात, म्हणून सगळा भार तुझ्या लोभावर टाकलाय. तो टिकव.

तुझा,
हरेश


॥ श्री ॥

कोन
१० नोव्हेंबर २०२४

चि. हरेश यास,
अ. उ. आ.

दिवाळी झाली. कंदील अजून उतरवलेला नाही. ऋतिका म्हणते राहू दे, आणि मी कारण विचारत नाही. बिरडं स्नेहाकडे पाठवलं.

तुझे हातमोजे पोचले. सुंदर आहेत, पण सात-आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचे आहेत. तुझ्या डोळ्यांपुढे तिचा तेवढाच हात राहिला असावा. तिची बोटं अर्धीच आत गेली. तिने ते घडी घालून पिशवीत ठेवले. पुढे स्नेहाच्या छोट्या भाविकला दिले. तो ते घालूनच झोपतो. लडकूदादाने तिला गोदामातल्या हमालांचे रबरी पंजे आणून दिलेत, ओझी उचलताना घालतात ते. चेंडू त्यांना बरा चिकटतो म्हणे. रविवारी गोदाम बंद असतं तेव्हा ती मोठ्या शटरवर चेंडू आपटून परत येताना पकडते. वॉचमन ओरडतो, बेटी, शटर गया तो मेरी नौकरी गयी. आणि पाच मिनिटांनी तोच चेंडू मारून द्यायला उभा राहतो.

तुझं मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. हात जोडण्याचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. मग दोन दिवसांनी भांडी पुसता पुसता तिने आपला बेत सांगितला. तू आलास की तिला पाच पेनल्टी मारायच्या. तिने एक जरी अडवली तरी नवा करार करायचा नाही. इथेच राहायचं आणि गावच्या मुलांना शिकवायचं. मी म्हटलं, अगं, तुझा बाप मुद्दाम एक सोडेल. तर माझ्यावरच भडकली. मुद्दाम सोडलेली मोजायची नाही, मला कळतं, म्हणाली.

तेव्हापासून रोज शाळेतून आली की दप्तर टाकते आणि पंजे चढवते. ती कशासाठी उड्या मारते हे आता तुला ठाऊक आहे. एवढं ठाऊक असून न येणं तुला जमेल असं मला वाटत नाही.

रागावले आहे. लोभ तेवढा बाजूला काढून ठेवला आहे, त्याला राग लागू दिला नाही.

तुझी आत्या,
देवकी


आयजॉल
३० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. हे वाक्य मी किती गावांतून लिहिलंय, मलाच लाज वाटते. जानेवारीत येतोय, तिकीट काढलंय. हातमोज्यांच्या मापाचं वाचून बरं वाटलं नाही.

ऋतिकाला सांग, पैज कबूल. मुद्दाम एकही सोडणार नाही. खरं म्हणजे गोल समोर दिसला की मला हळू मारताच येत नाही, पाय ऐकत नाही.

मालदीवमधून, मालेच्या एका टीमची विचारणा आहे. चौतिसाव्या वर्षी कोण विचारतं, आत्या? अजून ठरलं काही नाही. तिला एवढ्यात बोलू नकोस.

येईपर्यंत लोभाचा कंदील तसाच लावून ठेव.

तुझा,
हरेश


॥ श्री ॥

कोन
२१ जानेवारी २०२५

चि. हरेश यास,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचल्याचा फोन आला. ऋतिका फोनवर का येत नाही, हरल्याचा इतका राग का, असं तू विचारलंस. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शांतपणे वाच.

तू आलास त्या संध्याकाळी ओट्यापाशी उभा राहून मला हळूच सांगितलंस की मालेचा करार होऊन गेलाय, मेपर्यंतचाच आहे. मी म्हटलं, मग पोरीला आधी सांग, पैज कशाला खेळवतोस? तू म्हणालास, तिचा विरस नको, पेनल्टी झाल्या की सांगतो. मी पुढे बोलले नाही. तू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होतास आणि ती तुझ्या ताटात कोलंबी वाढत होती.

रविवारी शाळेमागे अर्धं गाव जमलं. कंटेनरचे क्लीनर कुंपणावर चढून बसले. लडकूदादा शिटी घेऊन पंच झाला आणि तुला म्हणाला, हऱ्या, पोरीला मारतोस का वाघाला, जरा दमानं घे. पहिले तीन गोल तिला दिसलेसुद्धा नसतील. चौथा खांबाला लागून बाहेर गेला. सगळे ओरडले की अडला, अडला. तिने स्वतःच हात हलवून सांगितलं की खांबाने अडवलेला माझा नाही. पाचव्याला ती बरोबर बाजूला झेपावली. तिच्या पंजाला चेंडू लागल्याचा आवाज मी बांधावरून ऐकला. तरीही तो आत गेला.

आणि तू हात जोडलेस.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वॉचमन तर म्हणाला, क्या संस्कार है. तिने तुझ्या हातांकडे पाहिलं, पंजे काढले, गोलच्या रेघेवर शेजारी शेजारी ठेवले आणि घरी निघाली. तू मागून हाक मारलीस, अगं, छान खेळलीस. ती हरण्याने चिडली नव्हती, हरेश. पायरीवर बसून तिने मला एकच विचारलं. आजी, बाबाने हात जोडले. म्हणजे मी त्याची जुनी टीम का?

तेव्हा मी उत्तर द्यायला हवं होतं. पण माझ्या पोटात मालेचा करार होता. मी म्हटलं, पाय धुऊन घे.

रात्री तू तिला मालेचं सांगितलंस आणि तिने नुसती मान हलवली, तेव्हा तुला वाटलं पोरगी समजूतदार आहे. तिला तुझ्या आधीच कळलं होतं. तूच लिहिलं होतंस ना, ज्यांना सोडून गेलो त्यांना हात जोडतात म्हणून.

हे लिहून मला हलकं वाटत नाही. कंदील काल उतरवला. लोभ मात्र होता तिथेच आहे, त्याचा खिळा पक्का आहे.

तुझी आत्या,
देवकी


माले
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून उत्तर लिहायला इतके दिवस गेले.

मी हात जोडले हे मला आठवतसुद्धा नव्हतं. क्लीनर पोरांपैकी एकाने व्हिडिओ काढला होता, तो लडकूकाकाकडून मागवला. सारखा तोच बघतोय. आत्या, गोल झाल्यावर ती हसत होती. पाचव्याला हात लागला म्हणून खूश होती. जमिनीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून हसत होती, आता हा नाचेल म्हणून वाट बघितल्यासारखी. लहानपणी मी कसा नाचायचो हे तूच तिला सांगितलं असणार. मग माझे हात दिसले, आणि तिचं तोंड बंद झालं.

एवढ्या गावांना हात जोडले, सगळ्यांना सोडून गेलो होतो म्हणून. हिला मात्र माझ्या मनाने कधीच सोडलं नव्हतं. पण हातांना जास्त कळत असेल.

परवा इथे गोल मारला. हात वर आलेच नाहीत. नुसता उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं ऑफसाइड होऊन गोल बाद झाला.

मेनंतर काय करणार ते लिहीत नाही. येतो, हे मी इतक्यांदा लिहिलंय की त्याला आता वजन उरलं नाही. तिला एवढं विचार, मी पत्र लिहिलं तर वाचेल का?

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागतो.

तुझा,
हरेश


कोन
९ मार्च २०२५

ती. बाबा,
सा. न. (हे आजीने लिहायला लावलं.)

तुझं पत्र आजीने मला वाचायला दिलं. तू लिही, मी वाचेन.

आमची भिवंडीत शाळांची मॅच होती. आम्ही दोन-एकने हरलो. पण मी एक पेनल्टी अडवली, खरीखुरी. सर मैदानात धावत आले, म्हणून त्यांना बाहेर काढलं. लडकूआजोबा म्हणाले, बापाची अडवायला न्हाय जमली, पन सुरुवात झाली.

त्यांचा दुसरा गोल ऋतुजाने मारला. ती गेल्या वर्षापर्यंत आमच्याच वर्गात होती. तिने हात वगैरे काही जोडले नाहीत. माझ्या तोंडासमोर जाम नाचली. मला इतका राग आला! मॅच संपल्यावर आम्ही दोघींनी एका प्लेटमध्ये भजी खाल्ली.

तू पुन्हा कधी मला गोल मारलास तर तसाच नाच. मला राग आला तर येऊ दे. हात जोडू नको. मी कुठे गेलेली नाही आणि तू मला जुनी करू नकोस.

आजी म्हणते, शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. मी विचारलं, नसला तर कोणी पत्र लिहील का? म्हणून मी ते लिहीत नाही.

ऋतिका
(गोलकीपर)

ता. क. रबरी पंजे फाटले. मागच्या पानावर माझा हात ठेवून आजीने भोवतीने पेनने रेघ मारली आहे. ते माप आजचं आहे. मेपर्यंत हात आणखी वाढेल, म्हणून दुकानात जाऊ नकोस. आधी ये आणि हात बघ.