लाल खूण नसलेली पायरी

नाना, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला सरळ सांगितलेलं कधी आवडलं नाही, हे ठाऊक आहे मला. ब्रिजच्या डावात तुम्ही "एक किलवर" म्हणायचात आणि त्याचा किलवरशी काही संबंध नसायचा. माझी पानं जोरदार आहेत, आता तू बोल, एवढाच त्याचा अर्थ. मग मी बोलायचे. तुम्ही बोली नुसती एक पायरी वर चढवायचात, म्हणजे "पुढे सांग". मी पुढे सांगायचे. इस्पिक किती, बदाम किती, कुठला रंग अजिबात नाही, एक्के आणि राजे किती. शेवटी माझी तेराच्या तेरा पानं तुम्हाला न बघता दिसायची आणि तुमचं एकही पान मला ठाऊक नसायचं. मग किती हात करायचे ते तुम्ही ठरवायचात आणि मी पास म्हणायचं. नियमाने पाहिलं तर जोरदार पानं मला आली की विचारायचा हक्क माझा. पण तेव्हा उत्तरं देताना तुमचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी तुम्हाला कोर्टात उभं केलंय. ब्रिजची ही पद्धत परदेशातल्या मोठ्या खेळाडूंनी काढली, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मला ती आपल्या घरातच निघाल्यासारखी वाटायची.

सुरतेजवळ उधन्याला मिलच्या चाळीत आपल्या दोन खोल्या आणि मागे पडवी. तुम्ही टाइम ऑफिसात हेड टाइमकीपर. तिन्ही पाळ्यांची माणसं तुमच्या खिडकीवरून जायची, आणि दोन मिनिटं उशीर झाला तर आपल्या गावच्या माणसालाही तुम्ही सोडायचा नाहीत. साहेब लोकांच्या क्लबात एरवी कारकुनाला कुणी उभं केलं नसतं. पण ब्रिजला चार डोकी लागतात आणि साहेबांत तीनच आहेत, असं तुम्ही घरी येऊन हसत सांगायचात. तुमचे जोडीदार होते रंगखात्यातले केमिस्ट. ते नोकरी सोडून मुंबईला गेले, तेव्हा आठ दिवस तुमच्या तोंडाला चव नव्हती. तापीच्या मोठ्या पुराला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाट टाकून बसलात आणि विचारलंत, "गणितात किती मार्क होते गं तुला?" मी म्हटलं, त्र्याऐंशी. "मग भाकरी खाली ठेव आणि हे पत्ते धर."

भाकरी काही खाली ठेवता आली नाही. मायला ते चाललं नसतं. म्हणून तुम्ही माझी तेरा पानं पिठाच्या डब्याला टेकवून उभी करायचात, आणि मी भाकरी थापता थापता उत्तरं द्यायचे. तव्यावर भाकरी फुगतेय आणि तुम्ही उंबऱ्यावरून म्हणताय, "एक किलवर." मी म्हणतेय, "एक बदाम." माय चुलीपुढून म्हणतेय, "आते बस करा ना, भाकर करपी जाई." तिच्याशी तुम्ही अहिराणीत बोलायचात, माझ्याशी मात्र शाळामास्तरासारखं स्वच्छ मराठी. मला ते फार मानाचं वाटायचं. पिठाने पत्ते खराब व्हायला लागले, तेव्हा तुम्ही चौक बाजारातून प्लास्टिकच्या पत्त्यांचा जोड आणलात, धुऊन पुसता येणारा. "हा तुझा," म्हणालात. मी तो रोज संध्याकाळी पुसून साडीच्या घडीत ठेवायचे. माझं स्वतःचं असं त्या घरात तेवढंच होतं.

आणि ती वही. जाड पुठ्ठ्याची, मिलच्या हजेरीची जुनी वही. तिच्या कोऱ्या पानांवर तुम्ही आपली सगळी पद्धत लिहून काढली होती. लिहिताना मोठ्याने बोलायची तुमची सवय, त्यामुळे तुम्ही वही उघडलीत की शेजाऱ्यांनाही कळायचं. एकेक नियम मला शिकवून झाला, मी तो तीनदा न चुकता म्हणून दाखवला, की तुम्ही त्याच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण करायचात. खूण नाही तो नियम टेबलावर चालायचा नाही, हा तुमचाच कायदा. वर्षभरात सगळी वही लाल झाली. वही राहायची देव्हाऱ्याखालच्या फळीवर, कारण दसऱ्याला तिचीही पूजा व्हायची. माय बडबडायची, पण हळद-कुंकू वाहायची.

क्लबात पहिल्यांदा गेले तेव्हा साहेब लोक गमतीने बघत होते. तीन-चार रविवारांनी गंमत संपली. आपण जिंकायला लागलो होतो. मला शिक्षणाचं वेड होतं असं नाही, दागिन्यांचंही नव्हतं. मला त्या हिरव्या कापडाच्या टेबलाशी तुमच्यासमोर बसायचं होतं, बस. तेवढ्यात बारडोलीचं स्थळ सांगून आलं. साखर कारखान्यात नोकरी, घरचा ऊस. तुम्ही मायला सांगितलंत, "क्लबची फायनल होऊ दे. जिंकलो तर आम्ही दोघं अहमदाबादला खेळायला जाऊ, आणि मग दोन वर्षं तिच्या लग्नाचं नाव काढायचं नाही." हे तुम्ही माझ्यादेखत बोललात. नंतर विसरलात तरी मी विसरले नाही.

फायनल रविवारी होती. त्या आठवड्यात बुधवारी मला कावळा शिवला. तीन दिवस मागच्या पडवीत, गोणपाटावर. ताट-वाटी वेगळी. तुम्ही स्वतःला सुधारक म्हणवायचात, सत्यनारायणाला हसायचात, पोरीला साहेबांच्या पंक्तीला बसवायचात. आणि त्या तीन दिवसांत तुम्ही पडवीचं दार एकदाही ओलांडलं नाहीत. सराव बंद. गुरुवारी सकाळी मायचा आवाज आला, "बाहेर बठेल शे ती, वहीले हात नका लावू देऊ तिले." तुम्ही "बरं" म्हणालात. एवढंच.

शनिवारी मी न्हाले. पण पगाराचा हप्ता होता, तुम्ही दिवसभर टाइम ऑफिसात, घरी आलात ते थकून. "उद्या नीट खेळ. तुला सगळं येतंच," म्हणालात आणि आडवे झालात.

रविवारी शेवटच्या डावाला आपण थोडे पुढे होतो. तुम्ही म्हणालात, एक किलवर. मी उत्तर दिलं. तुम्ही पायरी चढलात, मी सांगितलं. पुन्हा चढलात, मी पुन्हा सांगितलं. मग शेवटचा प्रश्न आला, एक्क्या-राजांचा. एक्क्याला दोन गुण, राजाला एक. चारही रंगांचे मिळून बारा होतात. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा, म्हणजे तीन. आपल्या हिशोबात पहिली पायरी म्हणजे दोनपर्यंत, दुसरी म्हणजे तीन, तिसरी म्हणजे चार. मी दुसरी पायरी बोलले. तुम्ही कानाची पाळी चोळलीत, खूश झालात की चोळायचात तशी, आणि म्हणालात, "सहा बदाम." तेरापैकी बारा हात करायचे. मी पास म्हटलं.

खेळणार तुम्ही. माझी पानं टेबलावर उघडी मांडायची, हा खेळाचा नियमच. मी मांडली. तुम्ही ती एकदा पाहिलीत, दुसऱ्यांदा पाहिलीत. तुम्ही धरलेला चौथा गुण कुठेच नव्हता. समोरच्यांनी चौकटचा एक्का मारला, मग चौकटचा राजा. दोन हात गेले, डाव गेला, फायनल गेली. विणाईखात्याचे विव्हिंग मास्तर क्लबचे सेक्रेटरी होते, भला सुरती माणूस. ते म्हणाले, "कंई वांधो नहीं. छोकरी छे, भूली जाय." आणि तुम्ही, नाना, पत्ते गोळा करता करता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "हो, विसरली. पहिली पायरी तीनपर्यंत केली होती आपण. कालच शिकवलं होतं तिला."

काल! काल तुम्ही टाइम ऑफिसात होता. बदल तुम्ही वहीत केलात तो मी पडवीत असताना. मी एवढंच म्हणायचं होतं, "नाना, मी बाहेर बसले होते." पाच शब्द. पण खोलीत आठ पुरुष होते, आणि त्यांच्यासमोर ते बोलणारी मुलगी तेव्हा जन्मायची होती. तुम्हालाही ते बोलता आलं नसतं, हे मी समजू शकते. पण तुम्ही गप्प बसू शकला असता. मला बोलता येणार नाही हे माहीत असताना तुम्ही ते वाक्य बोललात. एरवी तुम्ही पक्के हिशोबी. तेही हिशोबानेच बोललात असं मला वाटलं, आणि अजून वाटतं.

घरी येताना रेल्वे फाटकाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं. डबे संपता संपेनात. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "लक्ष नसतं तुझं. बायकांना हा खेळ झेपत नाही म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही."

पुढच्या रविवारी तुम्ही नव्या जोडीदाराबरोबर बसलात, हिशोबखात्यातला कुणी पोरसवदा अकाउंटंट. जाताना माझ्या साडीच्या घडीतून तो प्लास्टिकचा जोड घेऊन गेलात. "तुला आता काय करायचाय," म्हणालात. वैशाखात माझं लग्न झालं. बारडोलीला सासूबाई विचारायच्या आणि मी सांगायचे. दूध किती आलं, कुठे गेली होतीस, का गेली होतीस. मला त्याची सवय होतीच. तुम्हीच तयार करून पाठवलं होतं. नवरा तसा वाईट नव्हता. फक्त पत्त्यांचं नाव काढलं की म्हणायचा, आपल्या घरात बायका पत्ते खेळत नाहीत. चाळीस वर्षं मी हातात पत्ता धरला नाही. तुम्ही दिवाळीला यायचात, नातवंडांना खाऊ द्यायचात, कारखान्याच्या साहेबांशी ब्रिजच्या गप्पा मारायचात. मी चहा आणून ठेवायचे. दर वेळी वाटायचं, या खेपेला तरी म्हणतील, पोरी, चूक माझी होती. एकदा तुम्ही माझ्याकडे बघून कानाची पाळी चोळलीत. मी थांबले. तुम्ही म्हणालात, "चहात साखर कमी झालीय." बारडोलीत, नाना, साखर कमी!

तुमच्या तेराव्याला मायने वही माझ्या हातात दिली. "हाई तुनी वही शे. तू लई जाय." घरी आणून मी थेट ते पान काढलं. जुनी ओळ खोडलेली, खाली तुमच्या रेखीव अक्षरात नवीन: पहिली पायरी तीनपर्यंत, दुसरी चार, तिसरी पाच. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे लाल खूण आहे. या एका ओळीपुढे नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्याच रविवारी घरी येऊन तुम्ही वही उघडली असणार, मी ओळखते तुम्हाला. मागाहून एक खूण मारून टाकली असतीत तर कुणाला कळलं असतं? ती तुम्ही मारली नाहीत. वही फाडली नाहीत, जाळली नाहीत, आणि बोललाही नाहीत. तुमच्या प्रामाणिकपणाची हद्द एवढीच, लाल पेन्सिलीपुरती.

आज हे लिहायचं कारण माझी नात. ती मोबाइलवर ब्रिज शिकतेय. निम्मं गुजराती, निम्मं मराठी बोलते, आणि मला येतं म्हटल्यावर तिने पलंगावर उडीच मारली. मी वही काढली. भराभर पानं उलटत तिने नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आजी, अहीं लाल टिक केम नथी? इथंच का नाही?" मी म्हटलं, राहिली असेल. ती म्हणाली, "मग तुला हे माहीतच नव्हतं?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही. विचारणं हे तुमचं काम होतं, आणि नेमकं हेच तुम्ही विचारलं नाहीत.

तर सांगते. गुरुवारी सकाळी, मायने तुम्हाला बजावल्यावर, तुम्ही फळीवरून वही घेतलीत आणि लिहिताना मोठ्याने बोललात. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यात एका विटेची भिंत. "पहिली पायरी तीनपर्यंत. दुसरी चार. तिसरी पाच." मी ऐकलं. सगळं ऐकलं, आणि एकदा ऐकलेलं मी विसरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं. मग मी दाराकडे बघत बसले. उंबऱ्यापासून माझ्या गोणपाटापर्यंत सहा पावलं होती. वाटलं, नाना येतील, लांब उभे राहून का होईना, मला सांगतील. शुक्रवारी वाटलं. शनिवारी तुम्ही आडवे झालात तोवर वाटत होतं. रविवारी टेबलावर तीन मोजले तेव्हा दोन्ही पायऱ्या मला ठाऊक होत्या. खूण नाही तो नियम चालत नाही, असं मनाशी म्हटलं आणि जुनी पायरी बोलले. तुम्ही कान चोळलात तेव्हाच कळलं की डाव गेला. अहमदाबादही गेलं.

नातीला यातलं काही सांगितलं नाही. हा कागद घडी करून त्याच पानात ठेवतेय. लाल पेन्सिल समोर आहे, पण खूण मी करणार नाही.