बैठ्या चौकीचा जिना

४ ऑक्टोबर

बदली म्हणजे शिक्षा, असं आमच्या खात्यात सगळे म्हणतात. आज पहिल्यांदाच वाटलं, शिक्षा देणाऱ्याचं काहीतरी चुकलं असावं. चौकी नवी कोरी आहे. बैठी इमारत, लांब व्हरांडा, एका टोकाला साहेबांची खोली आणि दुसऱ्या टोकाला कोठडी. जुन्या ठिकाणी मजले चढून-उतरून माझ्या डाव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. इथे जिना औषधालाही नाही. ही म्हणाली, चला, गुडघ्याला तरी बढती मिळाली, तुम्हाला मिळेल तेव्हा मिळेल.

क्वार्टर चौकीच्या मागेच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. आमची भिंगरी आल्यापासून नुसती गरगर फिरतेय. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण एका जागी उभी राहील तर शपथ. पैलवान म्हणून एक शिपाई आहे, त्याने आमचं लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन आत आणलं आणि वर भिंगरीला खांद्यावर बसवून अंगणभर हिंडवलं. माणूस दिलदार आहे.

साहेब बोलायला मऊ. माझं अक्षर चांगलं आहे हे त्यांना आधीच कळलं होतं. सामान लावताना ही कोरी वही सापडली, म्हणून म्हटलं लिहीत जावं.

७ ऑक्टोबर

आज मास्तरांनी इथल्या कामाची पद्धत समजावली. हे इथले जुने हवालदार. शाळेत कधी शिकवलं नाही, पण जबाब तेच सांगतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. काही भानगड झाली की सगळ्यांनी त्यांच्या टेबलाभोवती बसायचं, मास्तर सांगणार, बाकीच्यांनी लिहायचं. कानामात्रेचा फरक राहत नाही. वरून विचारायला कुणी आलं तर चार माणसं एका सुरात बोलतात. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून त्यांनी मला पान दुमडून समास सोडायला शिकवलं.

पूर्वीची चौकी दोन मजली होती म्हणे. तिथला जिना फार वाईट, कितीजण पडले त्याला गणती नाही. हे सांगताना मास्तर हसले. सगळे हसले. मीही हसलो.

११ ऑक्टोबर

लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी एका रंगाऱ्याला आणलं. एका बड्या माणसाच्या घरी तो रंगकाम करत होता आणि तिथलं महागडं घड्याळ गेलं. गंमत म्हणजे आपली ही चौकीही त्यानेच रंगवलेली. कोठडीकडे जाताना त्याने मला व्हरांड्यातली निळी पट्टी दाखवली. दोरी न धरता मारलीय, असं सांगताना त्याला चक्क अभिमान वाटत होता. आपली चूक नाही तर आपल्याला काय होणार, अशा भरवशाने तो आत गेला.

साहेबांनी सांगितलं, घड्याळ आजच्या आज मिळालं पाहिजे. मला पाय धरायला बोलावलं. मी धरले. घोटे बारीक होते, त्यावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे वाळले होते. पैलवान तळव्यांवर मारत होता. पहिले काही फटके रंगारी ओरडला, मग नुसतं म्हणत राहिला, खिशात बघा ना साहेब, खिशात बघा ना. मास्तरांनी त्याचंच रंगाचं फडकं त्याच्या तोंडात कोंबलं. मग पक्कड आणली. एकेक नख निघताना त्याचे पाय माझ्या हातात माशासारखे उसळत होते आणि मी अजून घट्ट धरले. साहेब खुर्चीवर बसून बरगड्यांत बूट घालत होते, एकीकडे फोनवर कुणाशी तरी घराच्या भाड्याचं बोलत होते. दुपारी कधीतरी पाय उसळायचे थांबले. मला वाटलं, बेशुद्ध झाला. मी सोडले नाहीत.

त्यानंतर त्या बड्या माणसाचा फोन आला. घड्याळ त्याच्याच दुसऱ्या कोटात सापडलं होतं. तसदीबद्दल माफी मागत होता.

मग टेबलाभोवती बसलो. मास्तर सांगू लागले, सदर इसम जिन्यावरून उतरताना तोल जाऊन पडला. माझं पेन त्या शब्दाशी अडलं. पण म्हटलं, मास्तर एवढे मुरलेले, त्यांना कळत असेल. साहेब, मास्तर, पैलवान आणि मी, चौघांनी सह्या केल्या. कागद लगेच वर गेले.

घरी आल्यावर हिने विचारलं, हातांना एवढा साबण का लावताय.

१२ ऑक्टोबर

रंगाऱ्याची बहीण आली. शिवणकाम करते. रडली नाही, ओरडली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून हळूच म्हणाली, गेल्या वर्षी काम चालू होतं तेव्हा मी रोज दादाचा डबा घेऊन इथे यायचे, त्याने मला सगळी चौकी फिरवून दाखवली होती, मग हा जिना कुठला?

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून जुनं वाक्य निघून गेलं आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. निदान त्या तिघांच्या. माझ्या पडला होता.

साहेबांनी दार लावून मास्तरांना झाप झाप झापलं. मग बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, जबाब आता बदलता येत नाही. इमारत बदलता येते.

१५ ऑक्टोबर

गवंडी बोलावला. कोठडीशेजारची जागा धरून छत फोडलं आणि गच्चीपर्यंत जिना चढवला. वर काही नाही, नुसती गच्ची. गवंड्याने विचारलं, वर काय काढणार? साहेब म्हणाले, हवा खायला जाऊ. सिमेंट जुनं दिसावं म्हणून काजळी आणि चहाचं पाणी फासलं. पायऱ्या झिजलेल्या वाटाव्यात म्हणून पैलवानाने पहारीने कडा मोडल्या. काम करता करता तो शीळ घालत होता.

हसावं की रडावं कळेना. जिना बघून माझा गुडघा मात्र ठणकायला लागला.

१९ ऑक्टोबर

मुख्यालयातून चौकशीच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जिना पाहिला, भिंतीवर बोट फिरवलं, बोट हुंगलं. मग वैद्यकीय तपासणीत काय आलंय ते वाचून दाखवलं आणि एकेकाला शपथेवर विचारलं. तळवे सुजून काळे कशाने झाले? पैलवान म्हणाला, जिन्याने. नखं कशाने गेली? जिन्याने. तोंडात फडकं कसं? मास्तर म्हणाले, पडताना त्यानेच दातात धरलं असेल. बरगड्या? साहेब हात जोडून म्हणाले, बाई, हा जिनाच वाईट आहे हो.

माझी पाळी आली. घोट्यांवर बोटांचे वळ आहेत, ते कुणाचे? मी म्हणालो, जिन्याचे. जिना कधीचा? मी यायच्या आधीपासूनचा.

बाहेर पडताना त्यांनी माझ्या हातात आपला नंबर लिहिलेला चिठोरा ठेवला. सव्वीस तारखेला पुन्हा येते, तोवर काही आठवलं तर सांगा, एवढंच म्हणाल्या. बाकावर ती बहीण बसलेली होती. ती जिन्याकडे एकटक बघत होती. मी मान खाली घालून गेलो. मला लाज वाटली, हे निदान इथे तरी लिहायला हवं.

२१ ऑक्टोबर

सकाळपासून व्हरांड्यात ओल्या रंगाचा वास येत होता. रंगकाम कुठेच चालू नाही. मास्तरांनाही आला.

भर दुपारी पैलवान गच्चीवर वाळत टाकलेला गणवेश आणायला गेला. मग आवाज आला. माणूस पडतो तेव्हा धडाधड येतो, तसा नाही. एक फटका. थांबून दुसरा. थांबून तिसरा. सावकाश, मोजून मारल्यासारखे. पैलवान ओरडत होता, खिशात बघा ना साहेब, खिशात बघा ना. आम्ही तिघंही जागचे हललो नाही.

जिन्याच्या तळाशी होता. बूट पायात, लेस बांधलेल्या. रुग्णालयात बूट काढले तर तळवे काळेठिक्कर, मांस फाटलेलं. बोटांना नखं नव्हती. एकही नव्हतं.

मास्तरांनी टेबलाभोवती बसवलं. पुन्हा जिना लिहिला तर संशय येईल म्हणाले. पहिल्यांदाच आमचा एक माणूस खरोखर जिन्यामुळे मेला आणि आम्ही लिहिलं, मोरीत पाय घसरला. मीही लिहिलं. सही केली.

भिंगरी विचारत होती, पैलवानकाका कधी येणार.

२३ ऑक्टोबर

मास्तर गेले.

जिन्यापुढे साहेबांनी लोखंडी जाळी बसवून घेतली होती, कुलूप लावून. किल्ली त्यांच्या खिशात. तरी मास्तर आत, पायऱ्यांवर, डोकं खाली. तोंडात फडकं. ओढून काढायला लागलो तर संपेना, हातभर, दोन हात, घशातून येतच होतं. पांढऱ्या-निळ्या रंगाने भिजलेलं, ओलं. माझ्या हातांना रंग लागला. जात नाहीये.

मी साहेबांना म्हणालो, जिना पाडू या. ते म्हणाले, बाईंनी नोंद केलीय त्याची. जिना पाडला तर आपण सगळे पडलो.

२४ ऑक्टोबर

बाईंना फोन करायचं ठरवलं होतं. चिठोरा काढून बसलो, तेवढ्यात साहेब घरी आले. कधी येत नाहीत. भिंगरीला मांडीवर घेतलं, चॉकलेट दिलं. कुठली शाळा, कुठल्या रस्त्याने जातेस, एकटी जातेस का, सगळं प्रेमाने विचारलं. मग मला म्हणाले, आता दोघंच राहिलोय, अळीमिळी गुपचिळी. तुझ्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे.

ते गेल्यावर हिने विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. तिने भिंगरीच्या हातातलं चॉकलेट काढून फेकून दिलं. तिला सगळं कळतंय.

फोन केला नाही. पोरीसाठी केला नाही— असं स्वतःला सांगतोय.

घोटे दुखतायत. दोन्ही.

२५ ऑक्टोबर

साहेब.

खुर्चीवर बसले होते, फोनवर बोलत. मी समोर उभा. रंगाचा वास आला. त्यांनी बोलणं मध्येच थांबवून माझ्या मागे पाहिलं. मागे वळलो— खोलीच्या भिंतीत पायऱ्या होत्या. वर जाणाऱ्या. काजळी फासलेल्या, कडा मोडलेल्या.

ते उठले. उठायचं नव्हतं त्यांना, टेबल धरून ठेवलं होतं, टेबल घसटत गेलं. वर गेले. मग बुटांचे आवाज. बरगड्या मोडतात तो आवाज मला माहीत आहे. एकेक. खूप वेळ. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो म्हणत होता.

मी जागचा हललो नाही. माझे पाय—

माझ्या घोट्यांवर वळ आहेत. चार बोटं आणि अंगठा. दोन्हींवर.

२६ ऑक्टोबर

बाई आज येणार. सांगणार आहे. सगळं. आंघोळ केली, इस्त्रीचा गणवेश घातला. हिला सांगितलं, नोकरी जाईल, तुरुंग होईल. ती म्हणाली, होऊ दे. रडत होती, पण म्हणाली, होऊ दे.

घरातच टेबलाशी बसून बाईंची वाट बघतोय.

रंगाचा वास—

हिने स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, हा जिना कुठून आला?

भिंगरी हसतेय. वरून. आमच्या घराला वर नाही. बाबा, बघा मी किती उंच.

ही तिला आणायला वर गेली. मी ओरडलो जाऊ नकोस. गेली.

उठता येत नाही. टेबलाखालून कुणीतरी घोटे धरलेत. घट्ट. मी धरले होते तसेच. वाकून बघवत नाही.

वही हाताशी आहे. लिहिल्याने आला जिना. सह्यांनी आला. मग लिहिल्यानेच जाईल, जायला हवा, मी लिहितो, शपथेवर लिहितो, माझ्या पोरीला सोड, तिने काही—

वर आता हसू नाही. ही पण बोलत नाही.

एक फटका आला.

लिहितोय. लिहितोय. चौकीत जिना नव्हता. अकरा तारखेला जिना नव्हता. तो पडला नाही. कुठूनही पडला नाही. घड्याळ त्याने घेतलं नव्हतं. पाय मी धरले होते, मी, जिन्याने नाही, आणि त्याला आम्ही

त्याला आम्ही—