पांढरं पान

४ एप्रिल २०१६

कंपनीतला हिमांशू नोकरी सोडून पुण्याला गेला आणि त्याचं खरकटं माझ्या ताटात! पाण्याचे टँकर नोंदवायची पालिकेची साइट. सगळं पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत, आणि सगळी खिचडी – लोकांना दिसायचं पान आणि आतलं कोड एकाच फाइलीत. फोन करून विचारलं तर म्हणे, चालतंय ना, मग हात कशाला लावतेस. चालतंय कुठं? लॉगिन केलं की बऱ्याच जणांना कोरं पांढरं पान दिसतं. पालिकेच्या बद्रीनाथ सरांनी बजावलंय – पंधरा तारखेपर्यंत नीट झालं नाही तर काम दुसऱ्या कंपनीकडं. म्हणजे माझी नोकरीही गेली.

पडेगावची ही नवी बिल्डिंग अर्धी रिकामी. घरून काम. दिवसभर समोर लॅपटॉप आणि मी.

६ एप्रिल

साइटवर जमलं नाही की लोक मदतीच्या नंबरवर फोन करतात. मदत म्हणजे मीच. मी आतून नोंद करून देते.

रोज सकाळी पहिला फोन चतुराबाईंचा. मूळच्या पाचोडच्या, आता मुलाकडं राहतात. मुलगा-सून कामावर गेले की घरात एकट्या. गल्लीचा टँकर त्यांच्याच मोबाइलवरून सांगायचा असतो. "पान पांढरंच हाय गं, नीरजा." मग नोंद राहते बाजूला. पाचोडच्या बाजाराचं सांगतात, मी जेवले का ते विचारतात. खरं सांगायचं तर दिवसात माझं तेवढंच बोलणं होतं.

७ एप्रिल

नुसती चिडचिड. आपल्या नळालाही पाणी नाही.

९ एप्रिल

सापडलं! फाइलीच्या शेवटी कोड संपल्याची खूण असते. हिमांशूनं त्या खुणेखाली रिकाम्या ओळी सोडल्यात. खुणेबाहेर जे असेल ते पीएचपी पान समजून पाठवून देतं – रिकामी ओळसुद्धा! आणि पान एकदा निघालं की मागून "या माणसाला आत घ्या" हा निरोप जातच नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या ओळीपायी लोक टँकरवाचून बसले!

आता निवडायला बसलेय. गहू वेगळा, हरभरा वेगळा. नुसतं कोड असलेल्या फाइली एकीकडं, त्यांना शेवटची खूणच द्यायची नाही. दिसायची पानं टेम्प्लेट म्हणून दुसरीकडं. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. कुणाला दाखवणार?

१२ एप्रिल

झालं. साइट धावतेय. सर म्हणाले, पंधरापर्यंत बघू.

मदतीचा फोन गप्प. आनंद व्हायला हवा होता. सकाळभर फोन मांडीवर घेऊन बसले. लिहायलाही लाज वाटते.

१३ एप्रिल

आला! चतुराबाई. पान पांढरंच आहे म्हणाल्या. आवाज ऐकून आधी बरं वाटलं, त्या काय म्हणाल्या ते मग कळलं. दुरुस्ती फसली? त्यांची नोंद करायला गेले तर साइट म्हणते, नोंद आधीच झालेली आहे. म्हणजे आणखी एक गडबड! पुन्हा एकेक फाइल उघडून शेवट तपासला. काही नाही.

१४ एप्रिल

आजही तेच. दुसऱ्या कुणाचीच तक्रार नाही. सरांना अजून सांगितलेलं नाही. उद्या मुदत. आधी जाऊनच बघते.

१५ एप्रिल

रिक्षा करून गेले. गल्लीत टँकर उभा, बायका पाइप ओढतायत. मग याची नोंद केली कुणी?

चतुराबाईंनी आधी चहा पाजला. मोबाइल मागितला तर उगाच शोधत राहिल्या. शेवटी दिला. पान उघडलं – चांगलं रंगीत, ठसठशीत, टँकर मंजूर. सकाळी त्यांनीच नोंदवलेला! मी बघतच राहिले.

पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तू नीट केल्यापासून चालतंय की. पण चालतंय म्हणलं असतं तर तू फोन ठिवला असता."

दोन दिवस माझा जीव टांगणीला, आणि बाई मजेत! राग यायला हवा होता. हसू आलं, मग रडूच आलं. त्यांनी पुन्हा चहा ठेवला.

तिथूनच सरांना कळवलं, साइट ठीक आहे. काम आपल्याकडंच राहिलं. उद्यापासून फोन कशासाठी करायचा, ते मात्र त्या बोलल्या नाहीत, मीही नाही.

१६ एप्रिल

सकाळी मीच फोन लावला. "आजी, पान पांढरं दिसतंय का?"

त्या म्हणाल्या, "व्हय गं. लई पांढरं."