आईचा पदर

बुधवार, संध्याकाळ

गावी, डोईफोडियाला आई एकटी असते. ती पडली तेव्हापासून तिच्या खोलीत कॅमेरा लावलाय, मी इथून मोबाईलवर बघते. आज मी बघत असताना चित्र जरा फिरलं आणि तिनं एकदम डोक्यावर पदर घेतला. खोलीत तर कुणीच नव्हतं. मग पदर कशाला?

राहवेना, फोन केला.

"जावईबापू बघत होते ना?"

"तुला कसं कळलं?"

"कॅमेरा घुमला. तू कधी घुमवत नाहीस."

ह्यांना पासवर्ड मीच दिलाय, काळजीपोटीच. पण आईला सांगितलं होतं, फक्त मीच बघते. किती दिवस तिला माहीत असेल? किती वेळा पदर घेतला असेल? विचारवेना.

तीच म्हणाली, "पहिले माणूस दारात खोकून आत यायचा. ह्या कॅमेऱ्यात खोकायची सोय आहे का गं?"