मुंबईच्या वेळेचा दिवा

पप्पा, तुमच्या लाकडी फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद अजून तिथेच आहे. आपलं जुनं घर सोडून मी नागपुरातच मिहानच्या बाजूला फ्लॅटमध्ये आले, तेव्हा ते फडताळ भंगारात द्या असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मी ते आणलं, आणि आणलं ते या कागदासाठीच. वर्षाचे सगळे शुक्रवार, आणि प्रत्येकासमोर शब्बाथचा दिवा लावायची वेळ. मुंबईहून काका दरवर्षी टपालाने पाठवायचे, हा तुमच्या शेवटच्या वर्षाचा. सूर्य दरवर्षी त्या तारखेला त्याच सुमारास मावळतो, म्हणून तुम्ही गेल्यानंतरची एवढी वर्षं मी यावरूनच दिवा लावत आले. याच कागदाबद्दल तुम्हाला एक विचारायचं आहे, आणि कसं विचारावं ते कळत नाही.

आपल्या ज्यू लोकांचा आता दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर वर्ग असतो. शिकवणारी मुलगी ठाण्याची आहे, पंचविशीतली, हिब्रू घडाघडा वाचणारी. नागपुरातून आम्ही पाच घरं असतो. मावशी माझ्याकडे येऊन बसतात, त्यांना फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. मावशी म्हणजे शाळेत शिवण शिकवायच्या त्याच, तुमच्या शनिवारच्या वर्गातल्या. त्या वर्गातलं आता एवढंच माणूस उरलं आहे. मागच्या महिन्यात विषय दिव्याचा होता. मुलगी म्हणाली, दिवा सूर्य मावळायच्या अठरा-वीस मिनिटं आधी लावायचा, वेळापत्रकात तीच वेळ दिलेली असते. मावळला की शब्बाथ, शनिवार संध्याकाळपर्यंतचा विसावा, लागला, आणि शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. मग सहज बोलावं तसं म्हणाली, "नागपूरकर, तुमचा सूर्य आमच्या आधी जातो. हिवाळ्यात तर जवळजवळ अर्धा तास आधी. तुम्ही मुंबईचं वेळापत्रक नाही ना वापरत?"

मी माइक बंद करायला हात पुढे केला. मावशी कशाला थांबतात. "तेच वापरतो ना बाई. दुसरं कोणतं हाय?"

वर्ग संपला तरी मावशी उठल्या नाहीत. चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे माझे सगळे दिवे उशिरा लागले का वं?" मी म्हटलं, उन्हाळ्यात नाही, उन्हाळ्यात जेमतेम निभावतं. हिवाळ्यातले लागले, दहाबारा मिनिटं उशिरा. "मले हिवाळा-उन्हाळा नको सांगू. मले प्रार्थना धड येत नाही, मांसासंगं दूध खायचं नाही, तेही कधी पाळलं, कधी नाही. एक दिवा तेवढा चुकवला नाही. नवरा दवाखान्यात होता तेव्हाही घरी येऊन लावला आन् परत गेली. तो शब्बाथ मोडून लावला काय मग?" मी म्हटलं, बघून सांगते. पेपरच्या डेस्कवर आयुष्य गेलं, अडचणीच्या फोनला हे उत्तर तोंडात बसलेलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "बघून काय सांगतेस? तुझ्या बापानं शिकवलं तसं केलं मी. त्याले मालूम होतं का नव्हतं, तेवढं सांग."

तेवढंच मला सांगता येत नाही.

मावशी गेल्यावर मी हिवाळ्यातला एक शुक्रवार आठवत बसले. रेल्वेच्या क्वार्टरात आई ओट्यापाशी उभी आहे. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात, हातात काडेपेटी. खिडकीतून दिसणारा सूर्य समोरच्या क्वार्टरांमागे गेलेला आहे. पाचला ऑफिस सुटून तुम्ही सायकलने येता, हातपाय धुता, डोक्यावर टोपी ठेवता, फडताळाचं दार उघडून कागद बघता आणि मग मनगटावरचं घड्याळ. आई म्हणते, "अहो, शेजारच्या काकूंनी तुळशीपाशी दिवा लावलासुद्धा." तुम्ही म्हणता, "त्यांचा त्यांच्या वेळेला, आपला आपल्या." आई थांबते. तुम्ही घड्याळावरून नजर न काढता मान हलवता, मग ती काडी ओढते.

मी दहा वर्षांची असताना एकदा तुमची वाट न बघता दिवा लावला होता. आई मोरीत होती, बाहेर ऊन कलत होतं, मला वाटलं तुम्ही याल आणि शाबासकी द्याल. तुम्ही दारातच थबकलात. "कोणी सांगितलं तुला? तिकडे अजून लागला नाही." मारलं नाहीत, मोठ्याने बोललाही नाहीत. पण जेवताना माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. तेव्हा मला वाटलं, लहान मुलीने दिव्याला हात लावला हीच चूक. आता हिशेब केला तर त्या हिवाळ्यात त्या घरात वेळेवर लागलेला तेवढा एकच दिवा होता.

तिकडे म्हणजे मुंबईत. आजी तेव्हा होती. तिच्या घरात त्याच कागदावरून त्याच मिनिटाला दिवा लागत असेल, हे मला या महिन्यात पहिल्यांदा सुचलं. सुचलं आणि बरं वाटलं. पण पप्पा, आजी गेल्यावरही तुम्ही वेळ बदलली नाहीत. मग वाटलं, ऑफिसचं कारण असेल. नागपूरच्या वेळेने हिवाळ्यात सव्वापाचला दिवा, आणि सव्वापाचला तुम्ही अजून सायकलवर. तुम्हाला दिव्यासमोर हजर राहायचं असेल. पण निवृत्त झाल्यावर तर तुम्ही दिवसभर घरीच होता, आणि कागद तोच.

मग साधं उत्तर उरतं, की तुम्हाला माहीत नव्हतं. तेही मला पटत नाही. तुम्ही रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होता. तुमचे हाताखालचे बाबू घरी यायचे, त्यातला एकजण तुम्हाला चिडवायचा, "साहेब, तुमचा देवही टाइमटेबल पाहून येते काय?" तुम्ही म्हणायचात, "येतो, आणि लेट होत नाही." शनिवारच्या वर्गात तुम्ही मोठ्या माणसांना हिब्रूची अक्षरं, आलेफ-बेथ, शिकवायचात, पोस्टातले काका, मावशी आणि त्यांचे मिस्टर, गुडघे दुमडून सतरंजीवर. शुक्रवारी करून थर्मासमध्ये भरलेला चहा तुम्ही त्यांना द्यायचात. मावशींचे मिस्टर म्हणायचे, "या चहालेही शब्बाथ लागला जी, कामच करत नाही." अशाच एका शनिवारी तुम्ही मोसंबं हातात घेऊन मला दाखवलं होतं, की घड्याळ देशभर एक असलं तरी सूर्य एक नसतो. सिग्नलचे रॉकेलचे दिवे गोंदियाकडे आधी लावावे लागायचे, भुसावळकडे मागाहून. मोसंबं फिरवत तुम्ही भुसावळवर बोट ठेवलं होतं. बोट आणखी थोडं डावीकडे सरकलं असतं तर मुंबई आली असती.

तुम्हाला दोष देत बसावं, तर माझं तरी काय? पेपरात पहिली काही वर्षं माझ्याकडे पान दोन होतं. खाली कोपऱ्यात छोटी चौकट असायची, नागपूर, आजचा सूर्योदय, आजचा सूर्यास्त. ती वेळ मी रोज तपासून लावायचे. एकदा चुकली तर संपादकांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. शुक्रवारी दुपारी ती चौकट लावून मी घरी यायचे आणि तुमच्या कागदावरून दिवा लावायचे. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांखालून गेल्या आणि मी त्या कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. तुमचंही असंच झालं असेल का? की तुम्ही शेजारी ठेवून बघितल्या होत्या?

पाच घरांसाठी नागपूरच्या वेळांचा कागद करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दिलेल्या दिवशी पूर्ण करून दिला, प्रत्येकाला एक प्रत. मावशींची प्रत द्यायला गेले तेव्हा त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, "पप्पांना माहीत नव्हतं, मावशी. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तुमचे दिवे शब्बाथचेच होते." मावशींनी चष्मा चढवला. "त्याले? रेल्वेवाल्याले?" आणि हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या पेपरात चुकलं तं दुसऱ्या दिवशी छापता, चुकीबद्दल दिलगीर आहोत. याचं कुठं छापशील?" पण कागद घेतला. माझ्यासमोरच भिंतीला चिकटवला, वाकडा.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. दिवा लावल्यावर फोन करायचा नाही हेही वर्गात शिकवलं होतं, पण मावशींना तेवढं कोण सांगणार. "लावला मी. बाहेर ऊन होतं वं अजून. कसंतरीच वाटलं, दुपारी दिवा लावल्यासारखं. तू लावला ना?"

"लावला," मी म्हटलं.

लावला नव्हता. पेला भरून ठेवला होता, काडेपेटी हातात होती. माझा नवा कागद फ्रिजवर होता, मी स्वतः दोनदा तपासलेला. मी फडताळाचं दार उघडलं आणि तिथेच स्टूल घेऊन बसले. समोरच्या इमारतीमागे सूर्य गेला. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी देवघरात घंटी वाजली. तुमच्या कागदावरची वेळ झाली तेव्हा मी काडी ओढली.

हे पत्र त्या कागदामागे खोचून ठेवणार आहे. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही. मला मात्र माहीत होतं.